विश्लेषण : तपासणी अंगणवाडीत, थेरपी जिल्ह्याला! येडशीसारख्या गावातील मुलांचे उपचार अडतात कुठे?

अंगणवाडीत आरोग्य पथक येते, मुलांची तपासणी होते. एखादे बाळ वर्षाचे होऊनही बसत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर पथक तशी नोंद करते आणि संदर्भ चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवते. गेल्या बारा-तेरा वर्षांत महाराष्ट्रात ही व्यवस्था बऱ्यापैकी रुळली आहे. अडचण त्यानंतरची आहे. अशा बाळाला एका औषधाने किंवा एका भेटीने उतार पडत नाही. त्याला महिनोन्महिने, अनेकदा वर्षानुवर्षे, आठवड्यातून एक-दोनदा थेरपी लागते. ती मिळण्याची जागा गावापासून लांब असते आणि तिथवरचा प्रवास कुणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे याचे चांगले उदाहरण. चांगले अशासाठी, की हे गाव आडवळणाचे नाही. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग इथून जातो, लातूर-बार्शी रस्ता इथेच त्याला मिळतो, रेल्वे स्थानक आहे. रामलिंगाच्या दर्शनाला पावसाळ्यात लांबून लोक येतात. जिल्ह्याचे शहर सुमारे २० किलोमीटरवर. इथल्या आईलाही आठवड्यातून दोनदा थेरपी गाठणे जड जात असेल, तर भूम-परंड्याच्या वाडीवस्तीवरच्या आईचे काय होत असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

चिठ्ठी देणारी व्यवस्था कोणती?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे आरबीएसके. या देशव्यापी कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब व अपंगत्व अशा चार गटांतील तक्रारी लवकर शोधणे हा त्याचा उद्देश. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषध निर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची असते. नवजात बाळाकडे प्रसूतीच्या ठिकाणी आणि नंतर घरी आशा ताईने बघायचे असते.

ज्या मुलात काही आढळेल त्याच्यासाठी जिल्हा स्तरावर ‘डीईआयसी’, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी रचना आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्र तपासनीस, दंतवैद्य, विशेष शिक्षक, सामाजिक कार्यकर्ता असे सगळे एका छताखाली असावेत, असा आराखडा. त्यात खोट काढावी असे फारसे काही नाही. मूल या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरू नये, हा विचार योग्यच होता.

पण सगळी रचना ‘शोधा आणि पाठवा’ या दोन क्रियापदांवर उभी आहे. सेन्सर गावोगाव बसवले, तार जिल्ह्यापर्यंत ओढली आणि मोटार एकच ठेवली, असा हा प्रकार. शिवाय ती मोटार रोज चालू ठेवावी लागणारी आहे, हे जणू कुणी गृहीतच धरले नाही.

‘विकासात उशीर’ नेमका ओळखायचा कसा?

गावातल्या जाणत्या बायकांना याची निम्मी माहिती असतेच. मान धरली का, पालथे पडते का, आधाराशिवाय बसते का, हे प्रश्न घरोघर विचारले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार जवळपास सगळी निरोगी बाळे सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतात आणि साडेसतरा-अठरा महिन्यांपर्यंत स्वतःहून चालू लागतात. वर्षाच्या आसपास नावाने हाक मारल्यावर बाळाने बघावे, बोट दाखवून काही मागावे, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडावेत. माता व बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. ते कार्ड बहुतेक घरांत लसीकरणाच्या तारखांसाठीच उघडले जाते.

उरलेली निम्मी माहिती मात्र घात करते. ‘त्याचा बापही उशिरा बोलला होता’, ‘मुलगा आहे, मुलगे उशिरा बोलतात’, ‘पाय भरले की चालेल’. अशा बोलण्यात प्रेम असते, काही वेळा ते खरेही ठरते. पण थांबून बघण्याची किंमत मोठी आहे. बाळाला ऐकू येत नसेल तर महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हे जगभर मानले जाणारे वेळापत्रक आहे. सेरेब्रल पाल्सीबाबत २०१७ मध्ये ‘जामा पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या तज्ज्ञांच्या आढाव्यात म्हटले आहे, की पूर्वी १२ ते २४ महिन्यांदरम्यान होणारे निदान आता जोखमीच्या बाळांमध्ये सहा महिन्यांच्या आतही करता येते. या वयात मेंदू वळण घ्यायला सर्वांत तयार असतो. पहिल्या दोन वर्षांत जे थोड्या कष्टात जमते, ते सातव्या वर्षी फार कष्टांनीही तितके साधत नाही.

अशी मुले असतात तरी किती?

२०११ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतची २०.४२ लाख मुले अपंग म्हणून नोंदली गेली. त्या वयोगटातील एकूण मुलांच्या हे प्रमाण १.२४ टक्के. मात्र घरोघरी जाऊन, प्रशिक्षित डॉक्टरांकरवी तपासून केलेल्या एका अभ्यासाने वेगळेच चित्र दाखवले. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी झालेला हा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते सहा वर्षांखालील मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी संबंधित किमान एक तक्रार असण्याचे एकत्रित प्रमाण ९.२ टक्के, तर सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये १३.६ टक्के निघाले. ठिकाणागणिक आकडे बरेच बदलतात आणि यात दृष्टी, श्रवण, फिट्स, बोलण्यातील अडचणी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असे सगळेच धरले आहे. तरीही ढोबळ हिशेब करता येतो : पटावर ४० मुले असलेल्या अंगणवाडीत तीन-चार मुले अशी असू शकतात. त्यातली किती जण अंगणवाडी ताईंच्या वहीत वेगळी दिसतात?

थेरपी म्हणजे मालिश नव्हे

हा गैरसमज इतका घट्ट आहे, की त्यावर जरा थांबायला हवे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बाळाचे स्नायू ताठ किंवा अगदी ढिले असतात. फिजिओथेरपिस्ट त्याला आडवे ठेवून चोळत बसत नाही. ते बाळ स्वतः वळेल, हात पुढे टाकून तोल सांभाळेल, उभे राहताना दोन्ही टाचा टेकवेल, अशी हालचाल त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजच्या कामांकडे बघतो : वाटी धरता येते का, सदऱ्याचे बटण लागते का, गोंगाट किंवा खरखरीत कापड सहन होते का. वाचा तज्ज्ञाचे काम फक्त उच्चार सुधारण्याचे नसते. मूल मुळात संवाद कसा साधते, घास कसा चावते आणि गिळते, हेही तो बघतो. बाळाला आडवे झोपवून वरून पेज पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि वारंवार छाती भरण्यामागे हे कारण असू शकते. बाळाला सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्याने भरवायला शिकवले, तर ही कटकट बरीच कमी होते. हे शिकवणे हीदेखील थेरपीच.

आठवड्याचे तास १६८. दोन सत्रांचे मिळून दीड-दोन तास. म्हणजे उरलेल्या तासांत घरात काय घडते यावर बहुतांश निकाल ठरतो. भाकरी थापताना ‘पीठ, पाणी, तवा, गरम’ असे एकेक शब्द म्हणणे, मुलाने बघेपर्यंत आणि काहीतरी आवाज करेपर्यंत थांबणे, खेळणे त्याच्या हाताला लागणार नाही पण नजरेत राहील असे ठेवणे. यातले काहीच महाग नाही. गावातला सुतार कोपऱ्यात बसण्याची खुर्ची बनवून देऊ शकतो, माप मात्र थेरपिस्टने द्यायला हवे. चुकीच्या मापाच्या खुर्चीत पाठ वाकडी होते. थोडक्यात, घर हेच मुख्य केंद्र आहे, पण त्याला नियमित मार्गदर्शन लागते. वर्षातून दोनदा दिलेला सल्ला या कामी येत नाही, कारण मूल बदलते तसा व्यायाम बदलावा लागतो.

आणि इथेच सरकारी आकडेवारीची मर्यादा उघडी पडते. हृदयाची शस्त्रक्रिया एकदा होते, ती मोजता येते, फोटोही निघतो. दुभंगलेल्या ओठाचेही तेच. पण जन्मतः वाकडा पाय असलेल्या बाळाचे काय? पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक असे पाच-सहा प्लॅस्टर घातले जातात आणि पाय सरळ होतो. त्यानंतर खास बूट सुरुवातीचे तीन महिने जवळपास दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री घालावे लागतात. बूट सुटला की पाय पुन्हा वळतो. कॉक्लिअर इम्प्लांटचीही गत अशीच. लाखो रुपयांचे यंत्र कानात बसते, पण ऐकू आलेल्या आवाजाला अर्थ देण्याचे शिक्षण त्यानंतर कित्येक महिने चालते. ते मिळाले नाही तर यंत्र बसवलेले मूल बोलत नाही. अहवालात मात्र ती शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ असते.

२० किलोमीटर हे अंतर इतके मोठे का?

तिकिटाचा प्रश्न बराचसा सुटला आहे, हे मान्य करावे लागेल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पाच वर्षांखालील मूल मोफत जाते. प्रश्न दिवसाचा आहे.

समजा, येडशीतील एका दीड वर्षाच्या मुलाला आठवड्यातून दोन सत्रे सांगितली. सत्र पाऊण तासाचे. पण सकाळचे आवरून स्टँडवर येणे, बस, तिथून रिक्षा, केंद्रावर नंबर, परत तोच प्रवास, यात दिवस जातो. वर्षाला १०४ खेपा. रोजगार हमीचा २०२४-२५ मधील महाराष्ट्राचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने केवळ बुडालेली मजुरी ३० हजार ८८८ रुपये होते. सरकारी थेरपी मोफत आहे, हे वाक्य या हिशेबानंतर तितकेसे खरे वाटत नाही. त्यात मोठे मूल शाळेतून येण्याची वेळ, सासू-सासऱ्यांचे जेवण, शेतातली खुरपणी. पहिला महिना नेटाने निघतो. दुसऱ्या महिन्यात एक खेप चुकते, मग दोन. तिसऱ्या महिन्यात नाव ‘अनियमित’ रकान्यात जाते. आईने निष्काळजीपणा केला, असा शेरा मारणे यंत्रणेला सोपे असते. खरे तर यंत्रणेनेच तिला न पेलणारे वेळापत्रक दिलेले असते.

कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे, ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे आई-वडील थांबू शकत नाहीत. लहान मूल बरोबर जाते. पाच-सहा महिने ते कुठल्या तरी कारखान्याच्या परिसरात, पाचटाच्या कोपीत असते. थेरपीत पाच-सहा महिन्यांचा खंड म्हणजे अनेकदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ज्या जिल्ह्याला चिठ्ठीवर पाठवले, त्या जिल्ह्यातच मूल नसते.

जवळपास चांगली केंद्रे नाहीत असे नाही. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘उम्मीद’ने बालविकासाच्या क्षेत्रात नाव कमावले आहे. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्व प्रकारच्या अपंगत्वासाठी १४ शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली. त्या १४ पैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले एकमेव केंद्र मुंबईत आहे. वर्षातून एक-दोनदा तपासून घ्यायला आणि योजना आखून घ्यायला या जागा उत्तम. मंगळवारी आणि शुक्रवारी जाण्यासाठी नव्हेत.

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात वाघ आढळला, तेव्हा त्याला पकडण्यासाठी बाहेरून विशेष पथके आली, कॅमेरे लागले. तज्ज्ञ येडशीपर्यंत पोहोचू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. कलम २५ मध्ये, विशेषतः ग्रामीण भागात, राहत्या ठिकाणाजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याचे म्हटले आहे, अर्थात कुटुंबाच्या उत्पन्नाची अट ठेवून. याच कलमात सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचेही बंधन आहे. पुनर्वसनाचे कलम २७ मात्र सावध आहे. सर्व दिव्यांगांना या सेवा द्याव्यात, पण सरकारने आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या’ मर्यादेत, असे ते म्हणते.

प्रमाणपत्रावर आधारित सवलतींतून मात्र सर्वांत लहान मुले निसटतात. दहा महिन्यांच्या बाळाचा विकास मागे आहे, हे दिसते. पण ते किती टक्के अपंग आहे, हे त्या वयात सांगता येत नाही आणि सांगूही नये. बौद्धिक अक्षमतेबाबतच्या केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्रासाठी किमान एक वर्ष पूर्ण असावे लागते, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असेच निदान लिहिले जाते. थेरपीचा सर्वाधिक फायदा ज्या वयात, त्याच वयात कागद हातात नसतो. कागद नाही म्हणून एसटीची दिव्यांग सवलत नाही आणि राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ विमा योजनाही नाही. या योजनेत थेरपीचाही काही खर्च मिळतो, हे अनेकांना ठाऊक नाही. सवलती टक्क्यांना बांधणे पेन्शनच्या बाबतीत समजू शकते. बाळाच्या बाबतीत ते उलटे आहे : थेरपी वेळेत मिळाली तर ४० टक्क्यांपर्यंत पोहोचण्याची वेळच काही मुलांवर येणार नाही.

सहा वर्षांनंतर समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी गृहाधारित शिक्षण येते. तोवर सुरुवातीची वर्षे गेलेली असतात.

गावातच थेरपी शक्य आहे का?

शक्य आहे, आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक महिलांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभरातील आशा ताई ज्या गृहभेटी देतात त्यांचे मूळ तिथे आहे. खुद्द धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या महिलांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. फार न शिकलेल्या बाईला आरोग्याचे काम जमणार नाही, ही शंका या जिल्ह्याने तरी कधीच मागे टाकली आहे.

थेरपीच्या बाबतीतही पुरावा आहे. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रे घेतली. थेट मुलाला शिकवण्याऐवजी, मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यायचा हे त्यांनी पालकांना शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुले स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळेच निष्कर्ष अनुकूल नव्हते : दोघांचे एकाच गोष्टीवर लक्ष राहण्याचा वेळ कमी झाला. जादू झाली असा दावा कुणी केला नाही, पण काम झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटींचा असाच अभ्यासक्रम तयार केला आहे.

आणखी मोठे उदाहरण तमिळनाडूतील तेन्कासी जिल्ह्यातल्या आयकुडी या गावाचे. तिथे एस. रामकृष्णन यांनी १९८१ मध्ये ‘अमर सेवा संगम’ सुरू केला. संस्थेचे गावपातळीवरील कार्यकर्ते घरी जाऊन मुलांची थेरपी घेतात, मोबाइल अॅपवर नोंद करतात आणि थेरपिस्ट ती बघून पुढची योजना बदलतात. म्हणजे तज्ज्ञ एक, हात अनेक. थेरपिस्टला काढून टाकलेले नाही, त्याचा वेळ वाढवला आहे.

मग आशा ताईंवर आणखी एक काम?

हा आक्षेप रास्त आहे. घरोघरी बालसंगोपन कार्यक्रमात आशा ताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जातात. विकासाचे टप्पे बघण्यासाठी याहून चांगल्या वेळा नाहीत. पण या एका भेटीचे मानधन ५० रुपये आहे. त्याच ५० रुपयांत थेरपीही बसवा, असे कुणी म्हणणार असेल तर ती योजना पहिल्या दिवशीच मेली. अंगणवाडी ताईंसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांचा स्वतंत्र ‘प्रोटोकॉल’ आणला. कागद चांगला आहे, पण ताईंच्या दिवसाचे तास तेवढेच आहेत. वेगळे मानधन, वेगळे प्रशिक्षण आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी थेरपिस्टची देखरेख, या तिन्ही गोष्टी एकत्र नसतील तर हे काम देऊच नये. अर्धवट शिकलेल्या हाताने ताठ स्नायू ओढला तर इजा होते.

मोबाइल घरोघरी आहे, त्यावर भागणार नाही का?

काही प्रमाणात. थेरपिस्टने एकदा प्रत्यक्ष तपासल्यानंतर मधल्या आठवड्यांत व्हिडिओ कॉलवर व्यायाम तपासता येतो, आईने पाठवलेल्या दोन मिनिटांच्या चित्रीकरणातून बरेच कळते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबासाठी तर हाच धागा टिकू शकतो. फक्त, घरातला स्मार्टफोन दिवसभर वडिलांच्या खिशात असतो, हे वेळ ठरवताना लक्षात ठेवावे.

यूट्युबवरचे व्यायाम बघून स्वतःच सुरुवात करणे मात्र धोक्याचे. तसेच ‘स्टेम सेलने ऑटिझम बरा’ अशा जाहिरातींपासून लांब राहावे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर हा संशोधनाचा भाग आहे, बाजारात विकण्याचा उपचार नव्हे. जमीन विकून असे इंजेक्शन घेण्याआधी तज्ज्ञाची नोंदणी तपासावी. विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते.

पैसा कुठून येणार?

सगळा पैसा मुंबईहून यावा लागत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. महामार्गावरच्या, बाजारपेठ असलेल्या गावाचे स्वउत्पन्न लहान वाडीपेक्षा बरे असते. हा निधी वर्षाअखेरीस प्रत्येकी थोडी रक्कम किंवा वस्तू वाटून संपवण्याचा मोह मोठा, कारण त्यात कुणी नाराज होत नाही. त्याऐवजी येडशी आणि आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून आठवड्याचा एक दिवस ठरवला, जिल्ह्यातून एक फिजिओथेरपिस्ट आणि एक वाचा तज्ज्ञ त्या दिवशी गावात आले, त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च या निधीतून झाला, तर २० किलोमीटरची दिशा उलटी होते. वीस आयांनी जिल्ह्याला जाण्याऐवजी दोन थेरपिस्टनी गावात येणे, हा हिशेब शाळकरी मुलालाही पटेल. जागा म्हणून एक स्वच्छ खोली, दोन गाद्या, आरसा आणि पंखा पुरतो. लातूर किंवा बार्शीकडून येणाऱ्या रस्त्यावरील गावांनाही येडशी सोयीचे आहे.

यातली खरी अडचण पैशापेक्षा माणसांची. जिल्हा केंद्रांतील थेरपिस्टची पदे कंत्राटी असतात आणि त्यांना शहरात खासगी काम अधिक मिळते. दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करावा लागणारा माणूस दर मंगळवारी येडशीला येईल, याची हमी कुणी देणार नाही. ती पदे कायम केल्याशिवाय किंवा निदान करार लांब मुदतीचे आणि प्रवासभत्त्यासह केल्याशिवाय गावातला ठरलेला दिवस दोन महिन्यांत बंद पडेल. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. आरोग्य विभागाची पदे, महिला व बालविकासच्या अंगणवाड्या आणि ग्रामविकासचा पाच टक्के निधी एका खोलीत आणण्याचे काम या विभागाने करायला हरकत नाही.

दरम्यान, एक बदल कुणालाही पैसे न मागता करता येतो. तपासणीच्या नोंदीत ‘तपासलेली मुले’ आणि ‘संदर्भित मुले’ या रकान्यांशेजारी तिसरा रकाना हवा : संदर्भित मुलांपैकी किती जणांना पुढच्या सहा महिन्यांत किती सत्रे मिळाली. शून्य लिहावे लागले तरी चालेल, पण ते लिहिले जावे आणि ग्रामसभेत वाचले जावे. आणि येत्या दिवाळीआधी ज्या मुलांना चिठ्ठी मिळेल, त्यांच्या चिठ्ठीवर थेरपिस्टचा फोन क्रमांक, पुढची तारीख आणि कुटुंब ज्या कारखान्यावर जाणार आहे तिथल्या जिल्ह्याच्या केंद्राचे नाव, एवढ्या तीन ओळी वाढवायला पथकाला दोन मिनिटे लागतील.